जीभ दाखव

संध्याकाळी खेळून घरी आले की आई एवढंच म्हणायची, "जीभ दाखव." मे संपत आलेला असायचा. मोहन्याच्या बाजूला उल्हास नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर जांभळीची दोन झाडं होती, त्यांच्याखाली माती दिसत नसे. फ्रॉक धुऊन यायचा, हात घासून यायचे. जीभ मात्र सगळं सांगून टाकायची.

बाबांना ती कधी असं म्हणाली नाही. पगाराच्या दिवशी ते उशिरा येत, तोंडात बडीशेप असे. आई पान वाढायची आणि खाली बघत राहायची. आमच्या चाळीत दारू वर्तमानपत्रात गुंडाळून यायची आणि तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. मला आजही वाटतं, त्या घरांना दारूइतकाच त्या गप्प बसण्याचाही त्रास झाला.

कॉलेजला जाताना कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलमध्ये ठाकर बायका जांभळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या असत. पानाच्या द्रोणात मूठभर जांभळं, वर मीठ. कल्याण येईपर्यंत द्रोण रिकामा आणि घसा धरलेला. तो तुरटपणा मला गोडीपेक्षा जास्त आवडायचा.

व्होडका मी पहिल्यांदा चाखली ती अंधेरीत, मैत्रिणीच्या घरी, डब्यातल्या संत्र्याच्या रसात. नुसती साखर लागली. तेव्हाच मनात आलं की यात जांभूळ हवं होतं. व्होडकाला स्वतःचा असा वास फारसा नसतो, त्यामुळे फळ फळासारखंच राहतं. महाराष्ट्रात ती प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवानाही लागतो. मी रीतसर परवाना काढला आणि घरी आणून टेबलावर ठेवला. आईनं तो दोनदा वाचला. "म्हणजे चोरून नाही ना?" तिनं विचारलं. एवढंच.

तेव्हापासून दर जूनमध्ये आमच्या ओट्यावर हे चालतं. जांभळं मिठाच्या पाण्यातून काढायची आणि हातानंच कुस्करायची. मिक्सर नको, बी फुटली की कडवटपणा उतरतो. गर जाड गाळणीतून दाबून घ्यायचा. एका ग्लासाला अर्धी वाटी गर, ६० मिली व्होडका, दोन चमचे साखरेचा पाक, पादेलोण आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फ घालून हे सगळं खळखळून हलवायचं, डबा हाताला सोसवेना इतका गार होईपर्यंत. सोडा शेवटी, अगदी थोडा.

लिंबू मात्र मी सगळ्यांसमोर पिळते. जांभळाचा रंग आंबटाला जागतो: गडद जांभळं पाणी बघता बघता लालसर होतं. गोळेवाल्याच्या काळ्याखट्ट्यात हे कधी दिसलं नाही. मीठ विसरू नये. त्यानं कडूपणा दबतो आणि मग तुरटपणा एकटा, नीट, जिभेवर उभा राहतो.

आईचा ग्लास व्होडकाशिवाय. उरलेल्या बिया ती धुऊन गॅलरीत सुपात वाळत घालते. बाबांना साखर निघाल्यापासून या बियांची पूड करून ठेवते. त्या पुडीवर डॉक्टरांच्या गोळ्यांइतका माझा विश्वास नाही, पण सुपाला मी हात लावत नाही.

बाबांचाही ग्लास तसाच, पाकही नसलेला. पहिली दोन वर्षं मी ग्लास हातात घेतला की ते उठून गॅलरीत जायचे. गेल्या वर्षी बसून राहिले. मी लिंबू पिळलं, रंग पालटला, ते बघत होते. मग माझा ग्लास उचलून त्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला आणि म्हणाले, "मीठ अजून चालेल."

आई सूप घेऊन दारात उभी होती. तिनं ते खाली ठेवलं, बाबांसमोर आली आणि म्हणाली, "दाखवा बघू जीभ."