काजळी आणि पटाशी

थ्री-नॉट-थ्री रायफलीचा दस्ता बदलायला घेतला की नवशिक्याचा हात पहिल्यांदा लांब स्क्रूड्रायव्हरकडे जातो. बटप्लेटचं पितळी झाकण उघडायचं, आतली तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी, म्हणजे पुलथ्रू काढायचा, खालची चामड्याची चकती आकड्यानं ओढून घ्यायची, की खोल भोकात दस्ता धरून ठेवणारा बोल्ट दिसतो. तो फिरवला की दस्ता मोकळा, असं वाटतं. पण या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडमध्ये, म्हणजे पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीच्या खाचेत अडकलेलं असतं. फोरएंड न उतरवता बोल्ट पिळला तर पट्टी फिरते आणि फोरएंड मागून चिरतो. बदलायचा होता एक दस्ता, बदलावी लागतात दोन लाकडं. म्हणून आधी पुढचं उतरवायचं, मग मागचं.

मी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे शस्त्रं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत आर्मरर होतो, निवृत्तीनंतर देहूरोडलाच राहिलो. गावात डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, पलीकडे भोसरी-चाकणचे कारखाने. त्यामुळे अवजारांवर गप्पा मारायला इथं माणसांची वानवा नाही.

स्क्रूड्रायव्हर दुकानातून आणला तसाच बंदुकीला लावू नये. त्याचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. खाचेत ते वरच्या कडांनाच टेकतं, जोर दिला की वर चढतं आणि खाच ओरबाडतं. मी पातं घासून दोन्ही बाजू समांतर करतो. रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी, जाडी खाचेएवढी. ग्राइंडरवर धरलं तर मधूनमधून पाण्यात बुडवायचं, कारण टोक निळं पडलं की त्याचा कडकपणा गेलाच म्हणून समजा.

खरी कसोटी नवा फोरएंड बसवताना. गोळी सुटते तेव्हाचा धक्का हे लाकूड मागच्या दोन टेकांवर झेलतं. दोन्ही टेक सारखे लागले पाहिजेत. एकच लागला तर नेम भटकतो आणि लाकूड तिथूनच फाटायला लागतं. नवं लाकूड मुद्दाम थोडं जादा ठेवलेलं असतं. ते कुठून काढायचं हे पटाशीला कळत नाही, काजळीला कळतं. दिव्याची काजळी तेलात कालवायची, पोलादावर पातळ फासायची, लाकूड बसवून पुन्हा उतरवायचं. जिथं काळा डाग, तिथं टेक. तेवढाच डाग पटाशीनं अलगद खरवडायचा आणि पुन्हा काजळी. दोन्ही टेकांवर डाग सारखे पसरले की पटाशी खाली ठेवायची.

चाकणच्या टूलरूममधला शेजारचा फिटर हे पाहून म्हणाला, “काका, हे तर आमचं ब्लू मॅचिंग!” खरंच तेच. तो डायला प्रशियन ब्लू लावतो, मी काजळी. फरक इतकाच, की त्याच्याकडून पोलाद जादा निघालं तर वेल्डिंगनं भरता येतं. लाकूड गेलं की गेलं. मग त्या जागी कठीण लाकडाचं ठिगळ बसवायचं आणि काजळीपासून पुन्हा सुरुवात.

अंगाच्या मापाचा विचारही या रायफलीत होता. नेहमीच्या दस्त्याखेरीज अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि पूर्ण एक इंच आखूड असे दस्ते मिळत. त्यांवर अनुक्रमे एल, एस आणि बी असा ठसा असे. जवानाचा हात पाहून आम्ही लाकूड निवडायचो. आजच्या नेमबाजाला दस्ता बदलावा लागत नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 साली पॅरिसला ज्या 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरावा लागतो. प्रत्येक पवित्र्याला बटप्लेट आणि गालपट्टी वेगळी लागते, ती ॲलन कीनं सरकवता येते. बऱ्याच नेमबाजांचे स्टॉक आता ॲल्युमिनियमचे आहेत. मावळातला पाऊस अक्रोडाच्या लाकडालाही फुगवतो, ॲल्युमिनियमला त्याचं सोयरसुतक नाही.

परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती हे परवानाधारक गनस्मिथचं काम, तिला मी आता हात लावत नाही. बालेवाडीला सरावाला जाणारी पोरं मात्र एअर रायफल घेऊन येतात आणि विचारतात, “काका, पहिलं काय घेऊ?” त्यांना पटाशी हवी असते, मूठ कोरायची असते. मी सांगतो, आधी टॉर्क रेंच घे. पुस्तिकेत ज्या स्क्रूला जेवढा जोर लिहिलाय तेवढाच द्यायचा, आणि दर वेळी तेवढाच. रेंच काही कापत नाही, घडवत नाही, नुसतं सांगतं. पण ते सांगणारं अवजार हाताशी नसेल, तर उद्या छर्रे डावीकडे सरकले की दोष स्क्रूचा का आपल्या श्वासाचा, हे ठरवायला काही मार्गच उरत नाही.