गाडी बघायला निघालो, आधी कुर्ल्याला पोहोचलो

कोकणकन्या पनवेलला पोहोचली तेव्हा अजून अंधार होता. तिथून हार्बरची लोकल पकडली, कुर्ल्याला उतरलो आणि पश्चिमेच्या एका मशिदीत फजरची जमात मिळाली, अलहम्दुलिल्लाह. आम्ही तिघे होतो: आमचे दादा, चिपळूणचा भाचा आणि आम्ही स्वतः. गाडी बघायची होती नवी मुंबईत, तीही दुपारी. मग नवी मुंबई मागे टाकून कुर्ल्याला कशाला, असे दादांनी लोकलमध्ये दोनदा विचारले. भाच्याने डिप्लोमा करून गॅरेज टाकले आहे. त्याचे उत्तर एकच होते. "मोठे मामू, विकणारा गुणच सांगणार. पार्ट विकणाऱ्याला विचारू या, मोडतं काय ते."

दादांबद्दल थोडे सांगावे लागेल. एकोणीस वर्षे ते कुवेतमध्ये एका घरी ड्रायव्हर होते. कफीलची लँड क्रूझर त्यांच्या हातात असायची. मुलांना शाळेत सोडायचे, घरातल्या बायकांना बाजारात न्यायचे, थंडीच्या दिवसांत सगळे कुटुंब वाळवंटात तंबू ठोकायचे तेव्हा सामान वाहायचे. गेल्या वर्षी ते कायमचे खेडला परतले. घर बांधून झाले होते, मुलींची लग्ने झाली होती, मुलाची फी भरून झाली होती. उरलेल्यातले 20 लाख त्यांनी वेगळे ठेवले होते. त्यातून त्यांना मोठी गाडी घ्यायची होती, तशीच, उंच, ऐसपैस, चामड्याच्या सीटची. भाभींचे म्हणणे, स्वयंपाकघरावरचा पत्रा दर पावसाळ्यात गळतो, तो आधी बघा. आमचेही मत भाभींच्या बाजूचे. एखादी नवी लहान गाडी घेऊन पैसे शिल्लक ठेवावेत, असे आम्ही एकदा बोलून दाखवले. दादा इतकेच म्हणाले, "एकोणीस वर्षं मागचा दरवाजा दुसऱ्यासाठी उघडलाय." त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही.

नवी घेतली तर अशा गाडीला 60 लाखांच्या वर जातात. तीच सात-आठ वर्षांची झाली की 15-16 लाखांत मिळते. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आमच्या घरात अब्बांपासून ठरलेले. म्हणजे सगळी रक्कम रोख आणि एकदाच. गाडी फसवी निघाली तर दुसरी संधी नाही.

दादांनी मोबाइलवर आधी दिल्लीच्या गाड्या पाहिल्या होत्या. किंमत ऐकून त्यांची झोप उडाली होती. पण त्या स्वस्ताईला कारण आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीच्या रस्त्यावर नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून वय होत आलेल्या गाड्या तिथून इतर राज्यांत लोटल्या जातात. फॉर्म 28 ची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर असे सगळे करून गाडी दारात उभी राहीपर्यंत स्वस्ताई बरीच विरलेली असते. तो नाद भाच्याने आधीच सोडवला होता.

खिमा-पाव खाऊन सी.एस.टी. रोडला लागलो. या नावाचा आणि मुंबईच्या मोठ्या स्टेशनाचा संबंध नाही. सेंट्रल सालसेट ट्रामवे म्हणून एक रेल्वे 1928 पासून 1934 पर्यंत ट्रॉम्बे ते अंधेरी धावत होती, तिच्या नावावरून हा रस्ता. रूळ केव्हाच गेले, तीन अक्षरे राहिली. आता दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. पुढे मिठी नदीचा पूल लागतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हीच मिठी या भागात घराघरांत शिरली होती.

दुकाने उघडत होती. एकीकडे बॉनेटची चळत, दुसरीकडे माळेसारखे टांगलेले आरसे, फुटपाथवर इंजिने, आणि एअरबॅग उडून गेलेले डॅशबोर्ड, दात पडलेल्या तोंडासारखे. कोणे एके काळी या गाड्यांसाठी कोणी पेढे वाटले असतील, असे मनात आले. दादा मात्र नुसते बघत नव्हते. हात लावून, वाकून, वास घेऊन बघत होते.

भाच्याच्या ओळखीचे एक चाचा तिथे तीस वर्षांपासून दुकान चालवतात, मूळचे उत्तर प्रदेशचे. सलाम झाला, चहा आला. आम्हाला हवी असलेली जर्मन बनावटीची गाडी कोणती ते त्यांनी ऐकले आणि आम्हाला आत नेले. भिंतीला लोखंडी फळ्या होत्या. चाचांनी आधी दरवाजे दाखवले.

"देखो मास्टरजी, ये दरवाजे आठ महीने से पड़े हैं. दरवाजा किसका खराब होता है? अब वो खाली खाना देखो. वहाँ हवावाले सस्पेन्शन का कंप्रेसर रखता हूँ. सुबह आता है, शाम को निकल जाता है."

इतकी वर्षे मुलांना शिकवतो आहोत, पण रिकाम्या जागेवरून असा धडा कोणी दिला नव्हता. दुकानात जे ढिगाने पडले आहे ते टिकते. जे कधी सापडतच नाही ते मोडते. मग आम्ही प्रत्येक रिकाम्या फळीबद्दल विचारत गेलो.

हवेच्या सस्पेन्शनचे त्यांनी नीट समजावले. लोखंडी स्प्रिंगऐवजी चारही चाकांवर रबराचे फुगे असतात आणि एक छोटा कंप्रेसर त्यांत हवा भरतो. रस्ता कसाही असो, आत बसणाऱ्याला गादीवर बसल्यासारखे वाटते. पण रबर वयाने चिरते, हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कंप्रेसर सारखा चालतो आणि शेवटी जळतो. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली तर समजावे. म्हणून गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगायचे, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. चालू करून ठेवली की ती उठून उभी राहते आणि दोष लपतो.

दुसरी रिकामी जागा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतल्या सामानाची. कितीतरी गाड्यांच्या बाबतीत सांगितले जाते की या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलायचे नाही. खुद्द गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असे सांगते. "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, ते विचारायचं," भाचा म्हणाला. पहिल्या मालकाच्या, हे उघड आहे.

तिसरी अडचण आमच्या गावाची होती. नव्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर बराच वेळ एका वेगात पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते मशीद अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो फिल्टर तुंबतो.

दादांचा जीव लँड क्रूझरमध्ये. एका कोपऱ्यात जपानी गाड्यांचे गिअरबॉक्स धूळ खात पडले होते. "इनका कोई पूछता नहीं," चाचा म्हणाले. दादा असे हसले की जणू त्यांचेच कौतुक झाले. पण ती जुनी गाडीही आपल्या खिशात बसत नाही. लँड क्रूझर काय, फॉर्च्युनर काय, वय झाले तरी किंमत धरून असतात. ज्या गाडीवर भरवसा, तिचा भरवसा बाजार आधीच वसूल करून घेतो. जर्मन गाडी 60 लाखांवरून 15 वर येते ती लोकांना नकोशी होते म्हणून नाही. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. 15 लाखांच्या गाडीला पार्ट 60 लाखांच्याच गाडीचा लागतो. निघताना चाचांनी दादांना सांगितले, सगळे पैसे गाडीत घालू नका, तीन लाख बाजूला ठेवा, आणि जमले तर लोखंडी स्प्रिंगवाली शोधा. त्याच मॉडेलमध्ये तशीही येते.

दुपारी जुहरनंतर पुन्हा हार्बर, मानखुर्दनंतरचा खाडीपूल आणि वाशी. पुढे रिक्षाने त्या शोरूमला. गार हवा, चकचकीत फरशी, हातात पाण्याची बाटली. गाडी काळी, आरशासारखी. दादा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गप्प राहिले. त्या वेळी त्यांचा चेहरा पाहून आम्हालाच वाटले, बाकीचे काही बघू नये.

भाचा मात्र मागच्या सीटवर गेला आणि सीट बेल्ट ओढत राहिला, शेवटचे टोक येईपर्यंत. त्या टोकाशी एक तपकिरी रेघ होती. त्याने सीट मागे सरकवून खालचे बोल्ट पाहिले, गंजलेले. गालिच्याची कड उचलली, बोट फिरवले, बोटावर वाळलेला बारीक गाळ. तो काही बोलला नाही. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात त्यांच्या घराच्या भिंतीवर अशीच रेघ राहिली होती. रंग दिला तरी पुढच्या पावसात ती वर आली. त्या रेघेची त्याला ओळख पटवून द्यायची गरज नव्हती.

पुरात बुडालेल्या गाडीची विमा कंपनी भरपाई देते, गाडी लिलावात जाते, कोणीतरी धुऊन-पुसून तिला पुन्हा बाजारात आणते. साधी गाडी असेल तर एक वेळ निभावते. या गाड्यांत मात्र कितीतरी इलेक्ट्रॉनिक पेट्या सीटखाली आणि गालिच्याखाली असतात. त्या लगेच मरत नाहीत. सहा महिन्यांनी एक, वर्षाने दुसरी.

विचारल्यावर विक्रेता म्हणाला, धुताना पाणी गेले असेल. मग एकदम म्हणाला, 16 चे 12 करू. दादांनी आमच्याकडे पाहिले. चार लाख म्हणजे त्यांच्या कुवेतच्या कितीतरी महिन्यांची कमाई, आणि गाडी तर समोर उभी. मदिनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, आणि हे वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल. तिथे ती आठवली, पण बोललो नाही. दादाच उठले. दरवाजा हळू लावला, कफीलच्या गाडीचा लावत असतील तसा. बयाण्याचे 50 हजार त्यांनी आठवडाभर आधीच ऑनलाइन पाठवले होते. त्यातले निम्मे परत मिळाले, तेही दोन महिने फोन करून. न बघता बयाणा देऊ नये, हे शहाणपण आम्हाला 25 हजारांना पडले.

गाडी शेवटी पनवेलच्या एका डॉक्टरांकडे मिळाली, दीड महिन्यानंतर. तेच मॉडेल, लोखंडी स्प्रिंगची. डॉक्टरांनी फाइल पुढे केली, पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिले, गिअरबॉक्सचे तेल बदलल्याचेही. भाच्याने चॅसी नंबरवरून वर्कशॉपच्या नोंदी ताडून पाहिल्या, स्कॅनर लावला, काचांवरच्या आणि टायरवरच्या तारखा वाचल्या. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. हे सगळे चालू असताना डॉक्टर आत गेले आणि एक कागद घेऊन आले. त्यावर निळ्या शाईने पाच गोष्टी लिहिल्या होत्या. डावा मागचा दरवाजा पुन्हा रंगवलेला. दोन टायर या वर्षी बदलावे लागतील. एसी पहिल्या पाच मिनिटांत आवाज करतो. दुसरी चावी हरवली आहे. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या तुंबतात, पावसाळ्याआधी साफ करा.

दादांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. साडेसोळा लाखांना सौदा झाला, घासाघीस अशी झालीच नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, विमा नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते तीही पाळली. दोन टायर आणि नवी चावी यांतच बाजूला ठेवलेले पैसे हलू लागले. बाकीचे भाभींनी वेगळ्या खात्यात टाकायला लावले. स्वयंपाकघराचा पत्रा अजून तोच आहे.

घरी नेताना दादांनी भाभींना पुढे बसवले. आम्ही मागे. कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. फक्त सुरुवातीला एसीचा आवाज आला तेव्हा भाभी दचकल्या आणि दादा म्हणाले, "लिहिलाय तो. तिसरा."

आता गाडी अंगणात आंब्याखाली उभी असते. मृगाच्या आधी भाचा चिपळूणहून सायकलच्या ब्रेकची जुनी तार घेऊन आला. सनरूफ उघडून त्याने चारही नळ्यांत ती फिरवली. तीन साफ निघाल्या. चौथीतून आंब्याचा मोहोर आणि एक मुंगळा निघाला. दादांनी तांब्याने पाणी ओतले आणि खाली वाकून पाहिले, चाकाशेजारी धार पडते का. पडली.