फोटोग्राफी कुठे तुटते?

'फोटोग्राफ' देवनागरीत लिहिला की त्याची सगळी अक्षरे सारख्याच तोऱ्यात उभी राहतात. इंग्रजाच्या तोंडी मात्र सारा जोर पहिल्या 'फो'वर. 'फोटोग्राफी' म्हणताना तो जोर दुसऱ्या सिलॅबलवर सरकतो आणि कानी पडते ते 'फटॉग्रफी'. मघाचा ठसठशीत 'फो' पार पुसट झालेला असतो. 'फोटोग्राफिक'मध्ये आघात आणखी पुढे, 'ग्रॅफ'वर. घटक तिन्हींत तेच, ग्रीकमधले प्रकाश आणि लेखन. फुटण्याची तऱ्हा मात्र दर वेळी निराळी. म्हणून मला वाटते, लांब इंग्रजी शब्द फोडताना आधी आघात विचारावा, व्युत्पत्ती मागाहून. हा आघात लहरीही नाही. 'इक', 'इटी', 'शन' यांपैकी प्रत्यय लागला की तो बहुधा त्याच्या लगतच्या आधीच्या सिलॅबलवर जाऊन बसतो. 'नेस' किंवा 'लेस' लागला तर जागचा हलत नाही.

यावर जुना आक्षेप असा, की शब्द त्याच्या कुळाप्रमाणे तोडावा. ब्रिटिश छपाईची परंपरा बरीचशी याच बाजूची. ओळीच्या टोकाला 'नॉलेज' तोडायचा, तर त्यातले जाणण्याचे क्रियापद अख्खे राखायचे, उच्चार काही का होईना. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरने १७८३च्या स्पेलिंगच्या पुस्तकात उलट वाट धरली आणि 'हॅबिट' हा 'हॅब-इट' असा, कानाला मानवेल तिथे, फोडला. कुळाचा हट्ट किती टिकतो ते हेलिकॉप्टरला विचारावे. त्याचे खरे घटक 'हेलिको' म्हणजे सर्पिल आणि 'प्टेर' म्हणजे पंख. पण 'प्ट'ने सुरुवात इंग्रजी जिभेला झेपत नाही. टेरोडॅक्टिलच्या स्पेलिंगात तोच 'प' मुका बसला आहे. लोकांनी 'कॉप्टर' सुटा केला, उरलेल्या 'हेलि'ला 'पॅड' जोडले. पंडितांना विचारतो कोण?

मग स्पेलिंगही उच्चाराबरहुकूम का नको? इथे मात्र कुळवाल्यांचे म्हणणे मला पटते. 'इलेक्ट्रिक'मध्ये 'क' वाजणारे अक्षर 'इलेक्ट्रिसिटी'त 'स' वाजते. ते बदलले असते तर डोळ्याला नाते दिसले नसते. पण नाते दिसले म्हणून तोडायची जागा कळते असे नाही. फ्रँक लियांगने १९८३ मध्ये स्टॅनफर्डला टेक्स या अक्षरजुळणी प्रणालीसाठी शब्द तोडण्याची पद्धत बसवली. ती फक्त अक्षरांचे साचे पाहते, अर्थ नाही. सोबत १४ अपवादांची यादी. 'प्रेझेंट' नाम असेल तर 'प्रेझ'पाशी तुटतो, क्रियापद असेल तर 'प्रि'पाशी, 'प्रोजेक्ट'चेही तसेच. स्पेलिंग एकच, तेव्हा यंत्राने ओळखावे कसे? यादीत हे दोन्ही शब्द एकाही जोडरेघेविना, अखंड छापले आहेत.