दिवसा बोलणारा पिंगळा

साल २०१३. आमच्या जव्हारच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहून घेतले होते. मोखाड्याकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाने लिहिले होते, 'दुपारी सागावर पिंगळा ओरडतो.' आम्ही 'दुपारी'खाली तांबडी रेघ ओढली आणि समासात दुरुस्ती केली : 'रात्री'. मुलगा काही बोलला नाही.

पिंगळा म्हटले की आमच्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकांना आठवतो तो भल्या पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा, पक्ष्याची भाषा जाणणारा लोकपरंपरेतला पिंगळा. ज्याच्यावरून त्याला नाव मिळाले तो पक्षी आम्ही कधी नीट पाहिलाच नव्हता.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेले हे रान म्हणजे आमचा शेजारच. कुतूहलाने वाचू लागलो, आणि पहिल्याच पानावर चपापलो : रानपिंगळा प्रामुख्याने दिवसा वावरतो.

त्याची कहाणी पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा अस्सल नमुना मिळाला नाही. माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज संग्राहकाने मात्र १९१४ साली गुजरातेतील मांडवीला आपल्याला एक मिळाल्याचे नोंदवले होते. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच असून त्यावर खोटी चिठ्ठी बांधली आहे, हे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुष्पिकेतील शक आणि स्थळ बदलून पोथी आपल्या नावावर खपवावी, तसाच हा प्रकार. ती चिठ्ठी बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी!

पण त्या ११३ वर्षांत तो हरवला होता तो नोंदवह्यांतून. सागाच्या रानात त्याचे ओरडणे चालूच होते, आणि तिथे गुरे राखणाऱ्यांच्या कानांवर ते पडतच असणार.

आमची समासातली दुरुस्ती हीदेखील एक खोटी चिठ्ठीच होती. प्रत्यक्ष ऐकणाऱ्याच्या साक्षीवर आम्ही पुस्तकी समजूत चिकटवली. त्या मुलाने ऐकलेला पक्षी रानपिंगळाच होता, असा आमचा दावा नाही. साधा ठिपकेवाला पिंगळाही कधीकधी दिवसा ओरडतो. निवाडा एका प्रश्नाने झाला असता : 'डोक्यावर ठिपके होते का रे?' साध्या पिंगळ्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते, रानपिंगळ्याचे जवळजवळ कोरे. कोणत्या झाडाच्या ढोलीत तो राहतो, हेही मुलाने कदाचित सांगितले असते.

२०१८ मध्ये रानपिंगळा जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त' या वर्गात आला. मात्र घरट्यासाठी त्याला ढोलीची जुनी झाडे लागतात, आणि अशी झाडे कुठे उरली आहेत हे पाड्यावरच्या माणसांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता निबंधात असे काही आले की रेघ ओढण्याआधी आम्ही मुलांना बोलावून विचारतो. त्या मुलाला मात्र विचारायचे राहून गेले.