नेपाळी दुभाषी हवा, पण कधी?

म्हैसुरात कोर्टकचेरीसाठी नेपाळी दुभाषी शोधणाऱ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: ओळखीच्या हॉटेलातला नेपाळी आचारी किंवा एखाद्या सोसायटीचा वॉचमन सोबत न्या. या शहरात राहणारा मराठी माणूस म्हणून मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. इथे ठाण्यातला जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि हायकोर्टाचा जामिनाचा हुकूम इंग्रजीत येतो. ज्याला या दोन्ही भाषा येत नाहीत, त्याचे सगळे प्रकरण मधल्या माणसावर अवलंबून राहते. तो आरोपीचा गाववाला असेल, फिर्यादीकडे नोकरीला असेल किंवा पोलिसांना घाबरणारा असेल, तर त्याच्या तोंडून आलेले उत्तर नेमके कोणाचे, हे न्यायाधीशांना कसे कळावे?

कायद्यात तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे, हजर असलेल्या आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याच्या भाषेत समजावून सांगावी लागते; कलम ३१७ दुभाष्याला खरे तेच सांगण्याचे बंधन घालते. पण खरे बोलायची तयारी असली म्हणून भाषा येतेच असे नाही, आणि ती तपासायची कशी, हे ही कलमे सांगत नाहीत. शिवाय माणूस अडकतो तो साक्षीच्या कितीतरी आधी, ठाण्यात. नागपूरच्या एका स्थानबद्धाला अटकेची कारणे इंग्रजीत दिली गेली आणि हिंदी प्रत मागूनही मिळाली नाही, तेव्हा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. इंग्रजी ही राजभाषा आहे, हा राज्याचा बचाव टिकला नाही. ते प्रकरण प्रतिबंधक स्थानबद्धतेचे होते हे खरे, पण न कळलेल्या आरोपाला उत्तर देता येत नाही, ही गोष्ट नेहमीच्या अटकेतही तितकीच खरी आहे.

यावर कोणी म्हणेल, नेपाळ्यांना हिंदी येतेच की. कामापुरती येते, पण ‘मारले’ आणि ‘मारायला धावलो’ यांतला फरक कामापुरत्या हिंदीत निसटला तर शिक्षेची वर्षे बदलतात. मोबाइलवरच्या भाषांतराचेही तेच: चूक झाली तर उलटतपासणी कोणाची घ्यायची? एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत नेपाळी मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ टक्केच होते. मैथिली, थारू, तामाङ बोलणारेही तिथून येतात. म्हणून दुभाषी बोलावण्याआधी त्या माणसालाच त्याची भाषा विचारली पाहिजे.

असे दुभाषी तयार करायला म्हैसूरइतके सोयीचे शहर क्वचितच असेल. १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था इथेच मानसगंगोत्रीला आहे, राष्ट्रीय अनुवाद मिशनचे कामही तिथूनच चालते आणि नेपाळी १९९२ पासून आठव्या अनुसूचीत आहे. मात्र लेखी अनुवाद करणारा प्रत्येक जण कोर्टात तोंडी काम पेलेल असे नाही. त्याची वेगळी परीक्षा आणि वेगळी यादी हवी. खर्चाची अडचण सांगितली जाईल. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. दुभाष्याचे मानधनही जिल्हा प्राधिकरणानेच द्यावे आणि पहिल्या रिमांडच्या आधी त्याला बोलावून घ्यावे.