६४.८ मिलिमीटरचं काय करायचं?

पावसाळ्यात मंडळनिहाय आकडेवारी येते आणि आम्ही पत्रकार बातमी करतो : 'अमुक मंडळांत अतिवृष्टी'. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. नकाशा रंगवला तर त्या केंद्राचा ठिपका लाल. शेजारी ६४.८ मिमी पडला, तर ठिपका हिरवा. वावरात पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच साचतं.

गंमत बघा, हवामान विभागाच्या लेखी 'जोरदार' पाऊस ६४.५ पासूनच सुरू होतो आणि ११५.५ पर्यंत तो एकच गट. म्हणजे ६६ आणि ११५ एका रंगात! त्यात पर्जन्यमापक एका जागी, आणि मंडळात गावं कितीतरी.

मदत द्यायची तर कुठेतरी रेषा ओढावी लागणारच, मान्य. पण रेषा माणसंच ओढतात, आणि सरकवतातही. पीक नुकसानीची अट आधी ५० टक्के होती, २०१५ मध्ये ३३ झाली.

म्हणून मागणी साधी आहे. यादीत नुसतं होय-नाही नको, प्रत्येक केंद्राचा मूळ आकडा द्या. आणि रेषेच्या जरा खाली राहिलेल्या मंडळांतही पंचनाम्याला माणूस पाठवा.