पर्लकोटेच्या पलीकडे

चंद्रपूरला गेलेला आपला माणूस दीक्षाभूमीवर जातोच. नागपूरनंतर 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा दिली. वंदना घेऊन आपण परतीची गाडी धरतो. एकदा मात्र बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करीत आलापल्लीच्या जंगलात शिरावे आणि थेट भामरागड गाठावे. वाटेत वैनगंगेचे पात्र पाहूनच कळते की पावसाळ्यात इथे एस.टी.चे वेळापत्रक नदी ठरवते.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पाहणाऱ्याला संगम देखणा वाटतो, राहणाऱ्याला तो धाकात ठेवतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे चढते. जुना पूल बुटका, त्यावरून पाणी गेले की गाव तुटले! 2019 च्या पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा झाले, बाजारपेठेतली दुकाने बुडाली. 2022 आणि 2024 सालीही पुराने सोडले नाही.

नदीच्या अलीकडे हेमलकसा. तेथे 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्पाने माडिया बांधवांची रुग्णसेवा चालविली आहे. पलीकडे भामरागडात सरकारी ग्रामीण रुग्णालय. म्हणजे दोन्ही काठांवर डॉक्टर, आणि नाल्यापलीकडच्या टोल्यात रोगी! त्याला खाटेवर घालून चौघे खांदेकरी निघतात, नाहीतर डोंग्यात बसवतात. अशा वेळी कोणी पुजाऱ्याकडे गेले तर शहरातले लोक अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडतात. अंधश्रद्धा आहेच, पण पुजारी नाल्याच्या अलीकडे राहतो, हेही खरे आहे.

बाळंतिणीचे हाल तर विचारू नका. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवावे म्हणून सरकारने माहेरघर योजना काढली. योजना चांगली आहे. पण नेमक्या त्याच दिवसांत धानाची रोवणी असते. घरची पोरे आणि बांधी सोडून ती बाई येणार कशी? 2024 च्या जुलैत भामरागड तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटात बसवून नाला पार करावा लागला. लोकांनी फोटोचे कौतुक केले. मला तर त्यात पूल नसल्याचाच फोटो दिसला.

पूर ओसरला की बोटी आणि पुढारी परततात. खरा दवाखाना तेव्हा सुरू होतो. विहिरीत गाळ, घरोघरी हगवण, डबक्यात डास आणि मागाहून मलेरिया. नर्सबाई आणि आशाताई चिखल तुडवीत फिरतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतात, विहिरीत ब्लिचिंग टाकतात. त्यांचा फोटो सहसा छापून येत नाही.

आणि हे फक्त जंगलातलेच नाही. चंद्रपूर शहरात इरई चढली की नदीकाठच्या वस्त्या आधी बुडतात. पूर जात पाहत नाही म्हणे. पण नदीकाठची स्वस्त जागा कोणाच्या वाट्याला येते, ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या विहारांतून पूरग्रस्तांसाठी जुने कपडे गोळा होतात. त्याबरोबर मच्छरदाण्या, क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे पाठवावीत. पाकीट नसेल तर आयाबहिणींनी एवढे करावे: एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. हगवण लागलेल्या पोराला ते घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध मात्र तोडू नये.